गाडी तापते म्हणता, पण कधी?

होळी आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: जुनी गाडी तापते, काय करू? पत्रात काय काय बदललं त्याची यादी असते, बिलांचे आकडे असतात, मेकॅनिकला घातलेल्या शिव्या असतात (त्या आम्ही छापत नाही). नसते ती एकच गोष्ट, गाडी कधी तापते. सिग्नलला उभी असताना की ऐंशीने पळताना? घाट चढताना, की वर पोहोचून इंजिन बंद केल्यावर? सकाळी सुरू केल्या केल्या, की तासाभराने? आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवत होतो तेव्हा हे विचारल्याशिवाय पाना उचलायचा नाही असा माझा दंडक होता. पोरं वैतागायची. या वेळी मुद्दाम अशीच पत्रं निवडली आहेत ज्यांत हे ‘कधी’ कुठेतरी दडलेलं आहे, लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आलेलं असो वा नसो.

प्रश्न : वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गावात काही त्रास नाही. पण पुण्याच्या रस्त्याला लागलो आणि सत्तर-ऐंशीचा वेग धरला की मोहोळ ओलांडेपर्यंत काटा लाल पट्ट्यावर जातो. थांबलो, थोडा वेळ स्लोवर ठेवली की खाली येतो. रेडिएटर नवा घातला, जाळीपुढे इलेक्ट्रिक फॅन बसवला, मेकॅनिकच्या सल्ल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक शून्य. आता इंजिन उघडायचं म्हणतात. उघडू का? — एक वाचक, सोलापूर

इंजिनाला अजिबात हात लावू देऊ नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: ‘गावात काही त्रास नाही.’ मे महिन्यातल्या सोलापुरात, बेचाळीस डिग्रीत, सात रस्ता ते बाळीवेस रांगत जाणारी गाडी जर तापत नसेल, तर तिचा पंखा, पट्टा आणि जाळीतून जाणारी हवा हे सगळं ठीक आहे. पंख्याचं काम असतं ते गाडी हळू चालते किंवा उभी असते तेव्हा. सत्तरच्या पुढे समोरून येणारा वाराच इतका असतो की पंखा असून नसून सारखा. म्हणजे इलेक्ट्रिक फॅनचे पैसे गेले ते गेलेच, वर तो जाळीपुढे बसून वारा अडवतोय. काढून ठेवा.

वेगात तापणाऱ्या गाडीच्या बाबतीत दोनच शक्यता उरतात. एक तर पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. दुसऱ्या शक्यतेकडे कोणी बघतच नाही, म्हणून आधी तिथून सुरुवात करू. त्याला खर्चही नाही.

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डब्याची, टोपी काढा. आतला रोटर हाताने, तो ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने थोडा पिळा आणि सोडून द्या. तो स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. आला नाही, किंवा आळसावत आला, तर खालची दोन वजनं गंजून अडकली आहेत. ही वजनं इंजिनाचा वेग वाढेल तसं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे नेतात. अडकली की स्लोवर टायमिंग बरोबर दाखवतं, गावात गाडी गुण्यागोविंदाने चालते, पण वेगात ठिणगी उशिरा पडत राहते. उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेवर जळतं आणि ती सगळी धग हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) उतरते. अशा गाडीचं ॲव्हरेज पडलेलं असतं, पिकअप मेलेला असतो, आणि मालकाला वाटतं गाडीचं वय झालं. वजनांच्या पिनांना थोडं हलकं ऑइल आणि पॉलिश पेपर, एवढाच उपाय असतो. तुमची लक्षणं वाचून मी पैज लावली तर पहिली इथेच लावेन.

मग ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, सपाट जागी न्यूट्रलमध्ये सोडून गाडी आपोआप थांबू द्या, उतरा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या. चिकटवू नका, नुसता जवळ. एखादा बाकीच्यांपेक्षा भाजत असेल तर शू सुटत नाहीत आणि इंजिन दिवसभर ते ओझं ओढतंय.

त्यानंतर प्लग काढून बघा. टोकं पांढरीफटक असतील तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हल्ली हे जास्त दिसतं, त्याला पंपावर मिळणारं ई-२० हे एक कारण आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला शुद्ध पेट्रोलपेक्षा हवा सात-आठ टक्के कमी लागते. नव्या गाड्यांचा संगणक हे सांभाळून घेतो, पण तुमच्या कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक १९८४ साली पाडलेलं आहे, त्याला कुणी कळवलेलं नाही. मेन जेट एक नंबर मोठा करून बघायला हरकत नाही. मात्र टायमिंग आधी, जेट नंतर. उलट केलंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

इतकं करूनही तापली तर पाण्याकडे वळा. बोनेट उघडं ठेवून कुणाला तरी इंजिन चांगलं रेस करायला सांगा आणि रेडिएटरच्या खालच्या होजकडे बघा. हा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडलेलं असेल तर वेग वाढला की तो आतल्या आत चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद होते. रेस सोडली की पुन्हा गोल. इंजिन बंद असताना कितीही दाबून बघा, कळत नाही. असा होज बदलताना आत तारेची स्प्रिंग असलेला मिळाला तर तोच घ्या.

वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, कधी उघडली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाजारातलं किट आणून बेअरिंग आणि सील बदलतात, पण आतला पाती असलेला इंपेलर शाफ्टवर किती खोल दाबायचा याकडे लक्ष देत नाहीत. पाती आणि बॉडी यांच्यात अगदी थोडी फट हवी. ती दोन-तीन मिलिमीटर राहिली की पंप पाणी ढकलण्याऐवजी नुसतं घुसळतो. गळत नाही, आवाज नाही, म्हणून सगळे त्याला निर्दोष सोडतात.

आणि शेवटी ब्लॉक. तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार, आणि ते किती जड आहे हे घरातल्या गीझरला विचारा. फियाट ११०० वरून आलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालं तेव्हा आतून स्वच्छ होतं. चाळीस वर्षांचा क्षार आणि गंज आता ब्लॉकच्या मागच्या भागात, चौथ्या सिलिंडरभोवती चिखल होऊन बसलेला असतो. नवा रेडिएटर घालून त्याला धक्का लागत नाही. उलट तो चिखल सुटून नव्या जाळीत जाऊन बसतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडा. पाणी आलं नाही तर तार घालून टोकरा, पूर्ण काढूनच टाकलात तर उत्तम. दोन्ही होज काढून उलट्या दिशेने नळाचं पाणी सोडा आणि गढूळ यायचं थांबेपर्यंत सोडत राहा. मग लिटरला दोन चमचे लिंबूसत्व घातलेलं पाणी भरून गाडी तासभर फिरवा, थंड होऊ द्या, काढून टाका आणि दोनदा धुवा. कॉस्टिक सोडा कुणी सुचवला तर त्या माणसाला गाडीपासून लांब ठेवा. पितळी रेडिएटर गॅरेजमध्ये सोड्यात उकळून निघतो खरा, पण पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, परत बसवा. ‘काढला की पाणी इतक्या वेगाने जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ हे मेकॅनिक मंडळींचं आवडतं शास्त्र आहे आणि ते चूक आहे. पाणी जितकं जोरात फिरेल तितकी उष्णता जास्तच निघते. काढू नये याचं कारण वेगळं. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या जोडीला एक बायपासची वाट असते. थर्मोस्टॅट नसला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता याच वाटेने परत इंजिनात शिरतं, आणि थंडीच्या सकाळी इंजिन वेळेवर गरमही होत नाही. नवा घेतलात तर बसवण्याआधी पातेल्यात उकळून बघा. त्याच्यावर छापलेल्या डिग्रीला तो उघडायला लागला पाहिजे. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.

जुना रेडिएटर भंगारात दिला नसेल तर देऊ नका. तांब्या-पितळेचा असतो, टाक्या उघडून सळया मारून साफ होतो, जाळी बदलून मिळते, डाख देता येतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, आणि टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारी सुट्या भागांची दुकानंही आता एकेक करून दुसऱ्या मालाकडे वळताहेत. हातचा जुना मूळ भाग सांभाळा.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ ची मार्क टू ॲम्बेसेडर आहे. हायवेला उत्तम चालते. पण शहरात, विशेषतः द्वारका चौकाच्या कोंडीत, काटा चढतो. घरी येऊन बंद केली की दोन मिनिटांनी खालून अर्धा लिटर पाणी सांडतं. रॅलीसाठी नुकताच रेडिएटर रंगवून घेतला, जोडीला जास्तीचे दोन फॉग लॅम्प बसवले. इलेक्ट्रिक फॅन लावावा का? — एक वाचक, नाशिक

ही वरच्या पत्राची बरोबर उलटी केस आहे, म्हणून शेजारी छापली. वेगात थंड आणि उभी असताना गरम, म्हणजे पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. आणि हवा कुणी अडवली ते तुम्हीच लिहिलंय: रॅलीसाठीचा रंग आणि ते फॉग लॅम्प. जाळीवर ब्रशने चढवलेला ऑइलपेंट म्हणजे रेडिएटरला रजई. रेडिएटरला रंग लागतोच तर अगदी पातळ काळा फवारा, तोही पुढून दिसेल एवढाच. रंग काढून घ्या, दिवे जाळीसमोरून बाजूला सरकवा.

पट्टा बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा. काठ चकाकत असतील तर तो घसरतोय, ताणून उपयोग नाही, बदला. पंखा कधी काढला होता का? पाती उलटी बसवली तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण पात्याचा बाक उलटा पडल्याने हवा खूप कमी ओढली जाते. आणि रेडिएटरच्या कडेने पूर्वी रबराच्या पट्ट्या असायच्या, त्या गेल्या असतील तर इंजिनाजवळची गरम हवा फिरून पुन्हा जाळीपुढे येते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून लावल्या तरी काम होतं.

इलेक्ट्रिक फॅनबद्दल. तुमच्या गाडीत अजून डायनॅमो असेल तर विचार सोडा. त्या काळचा डायनॅमो पूर्ण वेगात वीस-बावीस अँपिअर देतो आणि स्लोवर जवळपास काहीच देत नाही. फॅन खातो आठ-दहा अँपिअर. म्हणजे द्वारकेच्या कोंडीत, नेमकी गरज असताना, तो नुसत्या बॅटरीवर चालेल, आणि संध्याकाळी दिवे लावलेले असतील तर घरी ढकलत जाल. आल्टरनेटर बसवून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लावा, पण पंख्याच्या मदतीला, पंख्याच्या जागी नाही.

आता सांडलेलं पाणी. त्याची फार चिंता करू नका. पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाताना चार टक्के फुगतं. सात-आठ लिटर पाण्यात ते पाव लिटरच्या वर झालं. तुमच्या गाडीला ओव्हरफ्लोची बाटली नाही, त्यामुळे गळ्यापर्यंत भरलंत की जास्तीचं ती बाहेर टाकणार. दोन बोटं खाली ठेवा. बंद केल्यावरच का सांडतं? पंप थांबतो, पण हेडमधली उष्णता थांबत नाही. ती साचलेल्या पाण्यात उतरते आणि काटा बंद गाडीत चार-पाच मिनिटं चढतो. कोंडीतून आलात तर इंजिन एखादा मिनिट जरा जास्त रेसवर चालू ठेवा आणि मग किल्ली फिरवा.

एवढं करूनही दर वेळी अर्धा लिटर जात असेल तर रेडिएटरची टोपी तपासा. जुन्या रेडिएटरच्या गळ्यांची खोली सारखी नसते. आखूड टोपी खोल गळ्यावर फिरून घट्ट बसते, पण आतली रबरी चकती टेकतच नाही. मग त्या टोपीवर सात पौंड लिहिलेलं असो की चार, दाब शून्यच. सात पौंडाच्या दाबाखाली पाणी उकळायला समुद्रसपाटीला सुमारे १११ डिग्री लागतात, म्हणजे टोपी नीट बसली तर अकरा डिग्रीची सवलत फुकट मिळते. मात्र ‘चांगलीच’ म्हणून पंधरा पौंडाची टोपी आणू नका, ती सवलत जुने डाख आणि हीटरचे होज फोडून वसूल करते.

आणि गरम असताना टोपी उघडू नका. हे दर वर्षी लिहितो आणि दर वर्षी कुणीतरी हात भाजून घेतो. कोरड्या तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं त्याहून वाईट, ॲम्बेसेडरचं बिडाचं हेड त्यानेच तडकतं.

प्रश्न : सर, मी टेम्परेचर सेंडर (इंजिनाची गरमी काट्याला कळवणारा भाग) तपासायला तुम्ही पूर्वी सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यात धरला. सोबतच्या थर्मामीटरने पाणी खळखळा उकळत असताना ९६ दाखवलं, म्हणून दुसरा आणला. त्यानेही ९६ दाखवलं. दोन्ही खराब कसे? — एक वाचक, पाचगणी

दोन्ही चांगले आहेत, ताई. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथे पाणी ९६ लाच उकळतं. पुण्यात ९८. डाळ शिजायला तुमच्याकडे वेळ लागतो ना, त्याच कारणाने. तेव्हा मीटरवर ९६ ची खूण करा आणि निश्चिंत व्हा. टोपी ढिली असेल तर तुमच्या गाडीला मुंबईच्या गाडीपेक्षा चार डिग्री कमी मोकळीक आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की पिस्तुलासारखा लेझर थर्मामीटर चालेल का. चालेल, पण चकाकत्या ॲल्युमिनियमवर किंवा पितळेवर तो खूपच कमी आकडा दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्यावर नेम धरा. सेंडरच्या आट्यांना पांढरी टेप भरमसाट गुंडाळू नका. सेंडरला अर्थिंग (विजेची परतीची वाट) आट्यांतूनच मिळते, टेपने ती तुटली की काटा वाटेल ते सांगतो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. इथे नोकरीनिमित्त आहे. आजोबांची ‘बेबी हिंदुस्तान’ (मायनरचंच भारतीय रूप) होती, त्या आठवणीने १९६५ ची मॉरिस मायनर घेतली. गाडी तापत नाही, उलट हीटर कोमटच येतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर दिसतो. इथले एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात हेड गॅस्केट गेली. पाणी मात्र कमी होत नाही. — एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

पाणी कमी होत नसेल तर गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा) विचार तूर्त सोडा. ते लोणी म्हणजे ऑइल आणि दमट हवेचं पाणी. इंजिन पुरतं गरम झालं की हे पाणी वाफ होऊन निघून जातं. तुमचं होत नाही, कारण बहुधा कुणीतरी थर्मोस्टॅट काढलाय किंवा तो उघडाच अडकलाय. तपासायला हत्यार नको. थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. बराच वेळ तो गारच राहिला पाहिजे, मग अचानक गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर निदान झालं.

तुमचं १०९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन. त्याला ७४, ८२ आणि ८८ डिग्रीचे थर्मोस्टॅट मिळतात. तिकडच्या हिवाळ्याला ८८ चा घाला. हेडच्या मागच्या बाजूला हीटरचा व्हॉल्व्ह आहे, तो क्षाराने अर्धवट बंद असतो, सोडून साफ करा. मायनरला मुळात टेम्परेचर मीटरच नसतो, तेव्हा जमल्यास एक जोडून घ्या. आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊन परत आणण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर लांब फिरवा. अँटिफ्रीझ तुम्हाला हवंच, निम्मं पाणी आणि निम्मं ते. इकडच्या वाचकांना, महाबळेश्वर धरूनही, इतकं लागत नाही. पाणी गोठायची भीती नसेल तर पाव भाग कूलंट पुरे, ते गंज रोखण्यासाठी. ग्लायकोलपेक्षा नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. सांडलेलं कूलंट तेवढं लगेच पुसा, गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

प्रश्न : रेडिएटर झिरपत होता म्हणून ड्रायव्हरच्या सांगण्यावरून पद्मिनीत दोन चमचे हळद टाकली. गळती थांबली. आता मात्र पाणी रोज कमी होतं, खाली एक थेंब नाही, आणि टोपी काढून सुरू केली की बुडबुडे येतात. हळदीमुळे झालं का? — एक वाचक, अकोला

हळद या पापात नाही. ती बारीक भोकात जाऊन फुगते आणि बसते. मूर्तिजापूरला अडकलात आणि अकोल्याला यायचंय, एवढ्यापुरती ती खरंच चालते. घरी आल्यावर धुऊन काढायची आणि डाख मारून घ्यायचा. चमचा वाढवत नेलात तर भोकाआधी जाळीच्या नळ्या बुजतात.

तुमचा बुडबुड्यांचा आजार निराळा आहे. खात्री करून घ्या: इंजिन पूर्ण थंड असताना फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंप फिरणार नाही. रेडिएटर काठोकाठ भरा, टोपी न लावता इंजिन सुरू करा आणि एक-दोनदा हलकं रेस करा. मिनिटाच्या आत बंद करायचं. एवढ्या वेळात पाणी गरम झालेलं नसतं, पंपही घुसळत नसतो, तरी बुडबुडे आले तर तो सिलिंडरमधला गॅस आहे. चारही प्लग काढा. एकाचं टोक बाकीच्यांच्या मानाने धुतल्यासारखं स्वच्छ असेल तर पाणी तिथे जातंय.

म्हणजे हेड गॅस्केट. हेड काढल्यावर नुसती नवी गॅस्केट घालून बसवू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. त्यावर सरळ पट्टी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालून बघायला सांगा. कर्णरेषांवरही बघा. ०.०५ मिलिमीटरचं पान आरपार गेलं तर मशीन शॉपमध्ये फेसिंग, पण अगदी कमीत कमी. नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने कसायचे. पहिल्यांदा नीट तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना कसत नाहीत. टॉर्क रेंच नाही पण हाताला अंदाज आहे, असं म्हणणाऱ्याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या गाडीवर चालू द्या.

प्रश्न : १९६८ ची फियाट डिलाइट. कुंभार्ली घाट चढताना वरती चहाला थांबलो की पुन्हा सुरूच होत नाही. काटा अर्ध्यावर, पाणी भरलेलं. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. रेडिएटर साफ करून घेऊ का? — एक वाचक, चिपळूण

रेडिएटरचा संबंध नाही, काटाच तसं सांगतोय. पेट्रोलची वाफ होतेय. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. चहाला थांबलात की पंप आणि पाइप इंजिनाच्या धगीने तापतात, ओढीच्या बाजूला दाब आधीच कमी, तिथे पेट्रोल वाफ धरतं, आणि पंप वाफेला ढकलू शकत नाही. जुन्या खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडी टाकून पंपावर ओला फडका ठेवलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. इथेनॉल मिसळल्यापासून ही तक्रार वाढली आहे, कारण ते पेट्रोल जरा लवकर वाफ धरतं. शिवाय जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी पाइप इथेनॉल चालणारे आहेत याची खात्री करून बदला.

पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून चार बोटं दूर वाकवून घ्या, मधे पत्र्याचा आडोसा द्या, पंप आणि ब्लॉकमधलं जाड पॅकिंग कुणी काढून टाकलेलं नाही ना ते बघा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक टाचणीने मोकळं करा, ते बुजलं की ओढ आणखी वाढते. घाटमाथ्यावर थांबलात तर बोनेट उघडं ठेवा. फडका आणि पाण्याची बाटली डिकीत असू द्या. फडका पंपावर ठेवायचा, कार्ब्युरेटरवर नाही, आणि त्याचं टोक पंख्यात जाणार नाही इतका लहान घ्यायचा.